एरंडेल प्यालेली मोटार

"शैला, खाली उतर! तू मोटारीत बसायचं नाहीस!"

चारुशीला इतक्या जोरात ओरडली की चिखलदऱ्याच्या बंगल्यापुढे जमलेले सगळेच दचकले. सुट्टी संपली होती. मोरोमामांच्या म्हाताऱ्या मोटारीचं इंजिन बंद पडलं होतं आणि खुशालराव ती आपल्या लॉरीमागे बांधून घाट उतरवणार होते. मोटारीत स्टिअरिंग धरून मामा, शेजारी त्यांची सात वर्षांची शैला. दोन्ही गाड्यांमध्ये होता फक्त एक बैलगाडीचा नाडा, म्हणजे साधा दोर!

"काहून अडवून राहिली पोरीले?" खुशालराव म्हणाले. "नाडा मजबूत हाये!"

"असेल हो! पण नाडा ओढतो, अडवत नाही," चारूचा भाऊ हरिहर म्हणाला. "उतारावर मोटार लॉरीवर आदळली तर?"

"माझा ब्रेक आहे ना!" मामा गरजले. वकिलीत नाव झालं की माणसाला वाटतं, ब्रेकसुद्धा आपलंच ऐकणार!

चारूला मात्र सकाळपासून एक वास छळत होता. एरंडेलाचा! दरीतून ढग वर चढत होते, रानात एकही पाखरू बोलत नव्हतं, आणि मोटारीच्या मागच्या चाकाखाली काळे थेंब टपकत होते. 

"पुंजारामभाऊ, चाकांना काही लावलंत का?"

बंगल्याचा राखणदार पुंजाराम खूश झाला. "एरंडेलाचं वंगण देल्लं न बाई! लंबी वाट हाये. सायेबच म्हणे, चाकाले वंगण दे. मंग म्या आतला डबा, त्याच्यावरचा पट्टा, सबन माखलं!"

हरिहरचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, तो पट्टा डब्याला आवळतो तेव्हाच गाडी थांबते!"

"मामा, ऐका ना..."

"लहान तोंडी मोठा घास! निघायचं आता!"

चारू हरिहरच्या कानाशी कुजबुजली. तो कुंपणाकडे पळाला. मग ती गोड आवाजात म्हणाली, "मामा, पैज! नाडा सोडू. तुम्ही ब्रेक दाबा, आम्ही ढकलतो. मोटार हलली नाही, तर मी अवाक्षर काढणार नाही."

पैज म्हटली की मामांना राहवत नसे. खुशालरावांनी नाडा सोडून लॉरी बाजूला घेतली. मामांनी शैलाला उतरवलं आणि ब्रेकवर पाय रोवला. अंगणाचा उतार थेट कड्याकडे होता. पोरांनी हात लावला मात्र, मोटार सुटली!

"अरे, थांबत नाही!" मामा किंचाळले. शैलाने डोळे मिटून घेतले. काय करून बसलो आपण, असं चारूला वाटलं!

धाडकन आवाज झाला. बैलगाडीचं चाक अडवायला लावतात तशी दगडाची उटी हरिहरने मोटारीपुढे दोन हातांच्या अंतरावर आधीच मांडून ठेवली होती. मोटार तिला अडली.

मामा उतरले आणि वाकून मागच्या चाकाकडे पाहू लागले.  मग पुंजारामने घासलेटने डबे आणि पट्टे धुऊन कोरडे केले. खुशालरावांनी नाडा फेकला आणि दोन्ही गाड्यांमध्ये सागाच्या लाकडाची लांब, जाड बल्ली साखळ्यांनी पक्की जखडली.

"धुरीबिगर, नुसत्या दोरावर, बैलगाडी घाटात घातली असती का म्या?" ते पुटपुटले. "मोटार पाहून अक्कल गहाण पडली!"

पोरं लॉरीत बसली, मामा पुन्हा मोटारीत. वळणावळणावर बल्ली करकरत होती. चारूची नजर मागच्या मोटारीवरून हलत नव्हती. पण बल्लीने मोटारीला लॉरीजवळ येऊ दिलं नाही.

परतवाड्याला गाड्या थांबल्या. मामा मात्र जागचे हलेनात.

"बाबा, उतरा ना!" शैला म्हणाली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"चारूमुळे तू आज माझ्यापुढे उभी आहेस, पोरी," ते म्हणाले. "उतरतो. पण आधी तिला विचार, उटी लावली का?"