बांगड्या नसलेले हात

आमच्या स्वयंपाकघरात गव्हाचा एक कण नव्हता. दुधाचा थेंब नव्हता. तरीही गहू रोज माझ्या पोटात जात होता आणि तो कुठून येतो, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"घरात गहू आहे," डॉक्टर तांबट पडद्यावरून म्हणाल्या. त्या साताऱ्यात असतात आणि गोड बोलायची त्यांना सवय नाही. "कैरवीच्या रक्तात प्रतिद्रव्यं (शत्रू दिसला की शरीर सोडतं ते रेणू) अजून तेवढीच आहेत. तिचं शरीर रोज गव्हाशी लढतंय."

"अहो, मी कोपरान् कोपरा धुतलाय," आबा म्हणाले. "पोळपाटसुद्धा टाकून दिला!"

"मग तुमचं ते यंत्र काहीतरी घोळ घालतंय. रविवारी ते पुसून कोरं करा, नाहीतर मुलीला माझ्याकडे पाठवा."

मी ओट्याकडे पाहिलं. तिथे ते दोघे आमची आमटी ढवळत होते.

दोघे म्हणजे दोन हात. फक्त हात. चेहरा नाही, अंग नाही, आवाज नाही.

नीट सांगते. आई-बाबा दक्षिण समुद्रावरच्या संशोधन जहाजावर होते, म्हणून ते वर्ष मी आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, वाघदरीच्या पठारावर राहत होते. पठारावर एकच घर आणि भोवती पवनचक्क्या. आबा त्यांचे इंजिनियर. दिवसातून दोनदा धुकं उठायचं आणि खिडकीतून सरळ आत यायचं. मग पाती दिसायची नाहीत, नुसता त्यांचा घुम्म् घुम्म् आवाज घरभर फिरायचा. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं की बाहेर कुणीतरी मोठं जनावर झोपलंय.

हात आबांनीच बनवले होते. कुमुदआजी आजारी पडली, तेव्हा तिने तारांचे पातळ हातमोजे घालून दोन वर्षं स्वयंपाक केला. तिच्या बोटांची प्रत्येक हालचाल त्या मोज्यांनी टिपली. आजी गेली आणि आबांनी त्या हालचाली ओट्यावरच्या रुळावर बसवलेल्या दोन यांत्रिक हातांना शिकवल्या. आजी स्वयंपाक करायची तेव्हापासूनचा वरचा छोटा कॅमेराही तसाच ठेवला, म्हणजे हातांना समोरचं माणूस दिसेल आणि कुणाला धक्का लागणार नाही.

आता यात भ्यायचं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही ते हात पाहिले नाहीत. पीठ मळायच्या आधी डावा हात उजव्या मनगटावरून काहीतरी वर सरकवायचा आणि मग उजवा डाव्यावरून. मनगटावर काहीच नसायचं. आजी मळायला बसताना बांगड्या मागे सारायची, ते सारणं हातांत तसंच राहिलं होतं. काम झालं की ते हवेतल्या पदराला पुसले जायचे. मला आजी अंधुक आठवत होती, पण धुक्यात ते हात बांगड्या सारायला लागले की पाठीवरून थंडगार काहीतरी सरकायचं. मला त्यांची भीती वाटायची, आणि त्यांच्यासारखी भाकरी दुसऱ्या कुणाला जमणार नाही हेही मला ठाऊक होतं.

त्या दुपारी मी आबांना विचारलं, "कोरं करायचं म्हणजे काय होईल?"

"बाजारातला तयार स्वयंपाक येईल त्यांना."

"आणि आजी?"

आबांनी चष्मा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "पुसली जाईल," ते म्हणाले.

मला एकदम रडू फुटलं. मग मी विचारलं, कारण रडून गहू सापडणार नव्हता, "आबा, गव्हात असं आहे तरी काय?"

आबांना असा प्रश्न मिळाला की त्यांचा चेहरा जरा बरा दिसतो. "पोळी लाटतात आणि भाकरी थापतात. का बरं?"

"भाकरी लाटायला गेलं तर तुटते म्हणून."

"बरोबर. गव्हात ग्लूटेन असतं (पाण्यात मळल्यावर ताणलं जाणारं चिवट प्रथिन). त्याची जाळी होते, म्हणून कणीक रबरासारखी ताणली जाते. ज्वारी-नाचणीत ते नाही. म्हणून भाकरीच्या पिठात गरम पाणी घालून ते चिकट करावं लागतं आणि हाताने थापावं लागतं. बहुतेकांना ग्लूटेनचा काही त्रास नाही. तुला मात्र सीलिएक आहे (ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं तो आजार). असं समज, राखणदाराने पाहुण्याला चोर ठरवलं आणि घरातच लाठी चालवली. पाहुणा राहिला बाजूला, भांडी फुटली आपली."

"कुठली भांडी?"

"लहान आतड्याच्या आत उद्वर्ध असतात (बोटांसारखे बारीक उंचवटे). अन्नातला कस तेच शोषून घेतात. ते झिजले की कितीही खा, अंगाला लागत नाही. दुधातली साखर फोडणारं विकर, लॅक्टेज (विकर म्हणजे अन्नाचे तुकडे करणारा मदतनीस रेणू), तेही त्या बोटांच्या टोकांवरच असतं. बोटं झिजली, लॅक्टेज गेलं. म्हणून सध्या दूधही बंद."

"म्हणजे बोटं परत उगवली तर दूध परत मिळेल?"

"बहुधा. पण आधी लाठी थांबली पाहिजे ना."

खाण्याचे हाल होते असं मात्र समजू नका. हात काय काय करायचे! वरीचा भात आणि दाण्याची आमटी, कुळथाचं पिठलं, नारळाच्या दुधातली सोलकढी, तांदळाची घावनं, गूळ-खोबरं घातलेली नाचणीची खांडवी. भाजणीत गहू असतो, म्हणून आबांनी भाजणीसुद्धा बिनगव्हाची भाजून घेतली होती. घरातल्या प्रत्येक डब्याला एक चकती होती. हातांनी डबा उचलला की आबांच्या पडद्यावर नाव आणि वजन उमटायचं. त्या पडद्यावर वर्षभरात गहू एकदाही उमटला नव्हता.

शनिवारी सकाळी आबा एका पवनचक्कीचं काम करायला गेले. जाताना म्हणाले, "हातांच्या जवळ जाऊ नकोस," आणि मी अर्थातच स्वयंपाकघरात जाऊन बसले. म्हटलं, उद्या हे जाणार. आज डोळे न हलवता बघायचं.

धुकं इतकं आत आलं होतं की फडताळ पुसट दिसत होतं. हातांनी बांगड्या मागे सारल्या. भाकऱ्या थापल्या. कुळीथपीठ कालवलं, तेल तापवलं, मोहरी घातली. सगळं पडद्यावर उमटत गेलं: तेल, मोहरी, हळद. तेवढ्यात माझ्या पोटात नेहमीची कळ आली आणि मी दोन्ही हातांनी पोट धरलं.

ओट्यावरचे हात थांबले.

उलथनं हवेतच राहिलं. मग ते माझ्याकडे वळले. हातांना डोळे नसतात हो, पण ते वळले. आणि उजवा हात हळूच मागे गेला, फडताळाच्या कोपऱ्यात, धुक्यात. टक् असा बारीक आवाज झाला. हात परत आला तो बोटं मिटून. चिमूट फोडणीत पडली. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

मी पोटावरचे हात काढले. ओट्यावरचे हात पुन्हा पिठलं ढवळायला लागले, जसं काही घडलंच नाही. मग मला सुचलं ते करायला फार धीर लागला, हे मी सांगून ठेवते. कळ नसताना मी मुद्दाम पोट धरलं.

हात थांबले. वळले. टक्. आणखी एक चिमूट.

मी पुन्हा सोडलं आणि पुन्हा धरलं. पुन्हा टक्. माझं दुखलं की ते काहीतरी घालत होते, आणि ते घातलं की माझं आणखी दुखत होतं. बाहेर पाती घुम्म् घुम्म् करत होती. मी चप्पल न घालता पठारावर धावत सुटले. "आबा! ते मला विष घालतायत!"

आबांनी सगळं ऐकून घेतलं. माझा हात धरून घरी आले, फडताळाच्या कोपऱ्यात मिठाच्या बरणीमागे हात घातला आणि एक लाकडी डबी काढली. झाकण उघडलं, टक्, आणि घरभर वास पसरला.

हिंग.

आबा स्टुलावर बसले. "तू चार वर्षांची होतीस ना," ते म्हणाले, "तेव्हापासून सारखी पोट धरायचीस. तुझा आजार तेव्हा कुणाला कळलाच नव्हता. इथे आलेली असताना तू पोट धरलंस की कुमुद म्हणायची, 'माझ्या बाळाच्या पोटात वारा धरला वाटतं,' आणि फोडणीत जास्तीचा हिंग घालायची. मोज्यांनी आणि कॅमेऱ्याने तेही टिपलं. आता कॅमेऱ्याला तू पोट धरलेली दिसलीस की हात तेच करतात. त्यांना माहीत असलेलं औषध देतात ते तुला."

मला काय वाटलं ते सांगते. भीती गेली नाही, पण तिच्या आत दुसरं काहीतरी आलं. माझी काळजी करणारं कुणीतरी वर्षभर त्या धुक्यात उभं होतं.

"पण हिंगात गहू कुठे असतो?" मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. हिंग तर झाडाच्या मुळातून निघणारा चीक. डबी मीच भरतो, बाजारातल्या पुडीतून. औषधाची वस्तू, तिच्यात गहू असेल असं कधी मनातही आलं नाही. जुनी डबी, म्हणून चकती नाही." आबा एकदम उठले. "थांब. विचारूया त्यालाच."

जखमेवर लावायचं आयोडीन त्यांनी बशीत थेंबभर ओतलं. "आयोडीनला स्टार्च भेटला (धान्यात साठवलेलं पिष्ट) की ते काळंनिळं होतं. झाडाच्या चिकात स्टार्च असायचं काही कारण नाही."

मी चिमूटभर हिंग त्यावर टाकला. आधी काही झालं नाही. मग तपकिरी थेंबाच्या मधोमध काळा ठिपका उमटला आणि शाईसारखा पसरत गेला. वासाने हिंग असलेली ती पूड आतून पीठ होती.

"कुठलं पीठ?" मी कुजबुजले.

"ते आयोडीनला कळत नाही. तांदळाचंही असेल." आबांनी डॉक्टरांनी दिलेली ग्लूटेन तपासायची पट्टी काढली आणि हिंगाच्या पाण्यात बुडवली. आम्ही श्वास रोखून बघत होतो. पट्टीवर एक रेघ आली. मग शेजारी दुसरी, गुलाबी.

गहू सापडला होता.

"शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात आणि डिंकात बांधून विकतात," आबा हळू आवाजात म्हणाले. "कुणी तांदळाच्या पिठात बांधतं, कुणी गव्हाच्या. आणि तेलात तळून ग्लूटेनचं काही बिघडत नाही. राखणदाराला लाठी उचलायला चिमूटभर पुरतं. मला हे कळायला हवं होतं गं."

"आबा, म्हणजे आता हात पुसायचे नाहीत ना?"

आबांनी उदास होऊन मान हलवली. "पुसावेच लागतील. ही सवय वेगळी काढता येत नाही, कैरवी. तिच्या सगळ्या हालचालींत ती विणलेली आहे. एक धागा ओढला तर सगळं उसवेल. आणि ती तशीच ठेवली तर तू पोट धरलंस की हात डबीकडे जाणारच."

मी डबीकडे बघत बसले. लहानशी, झाकणावर बोटांनी झिजलेली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"जाऊ दे की!" मी ओरडले. "हात कशाला बदलायचे? हिंग बदला!"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग एवढा मोठा इंजिनियर माणूस चक्क कपाळावर हात मारून घेऊन हसला.

जुनी डबी धुऊन काही भरवसा नव्हता, लाकडात पीठ मुरलेलं असतं. आबांनी तशीच नवी डबी कोरली, त्याच मापाची, टक् आवाजासकट. खडा हिंग मागवला, तो कुटून आम्हीच तांदळाच्या पिठात बांधला आणि आयोडीनला काही न विचारता सरळ पट्टीला विचारलं. एकच रेघ आली. हात तेवढे दिवस बंदच होते. डॉक्टर तांबटांनी आबांना पुढच्या अहवालापर्यंतची मुदत दिली, तीही कुरकुरत.

हात पुन्हा सुरू केले त्या दिवशी मी मुद्दाम पोट धरून उभी राहिले. उजवा हात मागे गेला. टक्. चिमूट घेतली आणि थांबला. बोटं एकमेकांवर घासली, पुन्हा घासली, जणू विचारत होती, हे काय आहे? आबा पुटपुटले, "घाल गं, कुमुद. चांगला आहे."

चिमूट फोडणीत पडली.

त्या संध्याकाळी आबांनी कपाटातून आजीच्या हिरव्या बांगड्या काढून हातांच्या मनगटांवर चढवल्या. म्हणाले, "आता हात कुठे जातोय ते ऐकू तरी येईल." पहिल्यांदा डाव्या हाताने उजव्यावरच्या बांगड्या मागे सारल्या आणि त्या खरंच किणकिणल्या, तेव्हा आबांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

नवा अहवाल आला तेव्हा डॉक्टर तांबट चक्क हसल्या. प्रतिद्रव्यं उतरली होती. गहू आता कायमचाच नाही. पण आतली बारीक बोटं पुन्हा उगवू लागलीयत, म्हणाल्या. अशीच वाढली तर पुढे कधीतरी चमचाभर दही देऊन बघू.

"आणि आबा, तुमची ती डबी," त्या म्हणाल्या, "माझ्या आईलाही एक कोरून, तुमचा हिंग भरून द्या. तिच्या हिंगावर माझा आता विश्वास नाही."

"तुमच्याही घरात गहू आहे!" आबा अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाले, आणि मला असं हसू फुटलं की मी पोट धरून खालीच बसले.

मागे बांगड्या किणकिणल्या. टक्.

मी वळून पाहिलं. धुक्यातून उजवा हात चिमूट घेऊन कढईकडे येत होता. मी पोटावरचे हात काढले नाहीत. म्हटलं, घालू दे तिला आज जरा जास्त.