तिसरा घास

त्र्यंबककाकांच्या घरी जायचं म्हणजे स्टेट कॉलेज हे गाव मागे टाकून पार डोंगराच्या अंगाला जावं लागे. रविवारी दुपारी चारुदत्त गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागला की इकडे सुनेत्रा वीणाचा वरणभात डब्यात भरायची. वीणा तीन वर्षांची होती. घरी जेवत नाही ती निदान काकांकडे जेवेल, या आशेवर तो डबा गाडीतून फिरायचा आणि बहुतेक जसाच्या तसा परत यायचा.

त्या जानेवारीत सुनेत्राला दुसरं काही सुचतच नव्हतं. पोरीच्या बरगड्या स्वेटरवरूनही हाताला लागत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोड हसून सांगितलं होतं की वजन वाढलं नाही तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकल्यापासून सुनेत्राची झोप उडाली होती.

"भूक लागली की खाईल गं," चारुदत्त म्हणायचा. "मीही लहानपणी असाच होतो म्हणे."

"कोण म्हणे? तुमची आई. तिला तुमचं सगळंच गोड वाटतं."

चारुदत्त युनिव्हर्सिटीत खनिजांवर संशोधन करत होता. त्र्यंबककाका हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड, मूळचे चंद्रपूरकडचे. त्यांचे वडील रानात बंदूक घेऊन हिंडायचे, ते वेड काकांनी इथे आणलं होतं. काकू मुलीच्या बाळंतपणासाठी फ्रीमाँटला गेल्या होत्या, त्यामुळे घराच्या तळघरात काकांचं एकछत्री राज्य होतं. लांबलचक टेबल, त्यावर पसरलेले नकाशे, बंदुकीच्या तेलाचा वास आणि कोपऱ्यात घुर्रघुर्र करणारी भट्टी. तिच्यावरच सगळं घर उबदार व्हायचं.

"शिकार काय ऑक्टोबरात होते असं वाटतं तुला?" काका चारुदत्तला म्हणत होते. "शिकार जानेवारीत, या टेबलावर होते. आत्ता अर्ज टाकायचा, उन्हाळ्यात सोडत निघते. नंबर लागला तर वायोमिंगमध्ये एल्क. नाही लागला तर इथलंच अस्वल आहे. पण घोडी आत्ताच बुक करायची. हा ओढा बघ. याच्या वरच्या अंगाला पहाटे कळप उतरतो."

"काका, मी आयुष्यात उंदीरही मारला नाही," चारुदत्त म्हणाला.

"मग एकदम मोठ्यापासून सुरुवात कर. उंदराला लायसन मिळत नाही."

दोघं हसले. सुनेत्रा टेबलाच्या टोकाशी वीणाला मांडीवर घेऊन बसली. समोरच्या भिंतीवर एल्कचं मुंडकं होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. शिंगं छताला टेकलेली, मानेवरची आयाळ काळपट, एका कानामागे कसर लागून टक्कल पडलेलं. काचेचे डोळे सरळ टेबलावर रोखलेले. तिला ते कधीच आवडलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरच्या भिंतीला नावं कशी ठेवायची?

तिने डबा उघडला. "हा घास चिऊचा... हा घास काऊचा..."

वीणाने तोंड घट्ट मिटलं. मग तिने मान वर केली आणि बोट भिंतीकडे नेलं. "हिज घास, आई." टीव्हीवरून उचललेलं इंग्रजी ती असं मध्येच पेरायची. "ही'ज हंग्री."

"बरं बाई, हा घास त्याचा." सुनेत्राने घास मुंडक्याकडे नुसता धरला, हवेत फिरवला आणि वीणापुढे आणला.

वीणाने आऽ केलं. मग दुसरा, तिसरा. डबा रिकामा झाला! चाटूनपुसून! सुनेत्राचे डोळे भरून आले. तिने चारुदत्तला हाक मारून रिकामा डबा दाखवला, तर तो नुसतं "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणून पुन्हा ओढ्यात बुडाला.

डबा आवरताना तिची नजर वर गेली. त्या जनावराच्या खालच्या ओठावर भाताचं एक शीत चिकटलेलं होतं. पिवळं आणि ओलं. मुंडकं तिच्या हातापासून चांगलं पुरुषभर उंच.

खुर्चीवर चढून तिने पदराने ते पुसलं. वीणाने उडवलं असणार, दुसरं काय?

"काका, याचं तोंड उघडं आहे का हो?"

"छे गं. आत सगळं प्लास्टर. ओठ डिंकाने चिकटवलेत." मग काकांना काहीतरी आठवलं आणि ते हसले. "तोंडावरून आठवलं. याच्या वेळी माझा वाटाड्या म्हातारा होता, जर्मन घराण्यातला. त्या लोकांत एक रीत आहे. जनावर पडलं की तिथलीच हिरवी डहाळी तोडून त्याच्या तोंडात द्यायची. त्याचा शेवटचा घास. त्यानंतरच सुरीला हात लावायचा. मी म्हटलं, बाबा रे, बर्फ पडायला लागलाय, याला जेवू घालत बसलो तर आपणच गोठू. चल आवर. तर तो जो रुसला, तो आजतागायत माझा फोन घेत नाही. आता नवा माणूस बघितलाय."

"आपल्याकडेही जाणाऱ्याला उपाशी धाडत नाहीत, काका."

"अगं, एल्क होता तो. व्याही नव्हता."

त्या दिवसापासून वीणा जेवायला लागली. घरीसुद्धा. अट एकच, तिसरा घास 'त्याचा'. तो स्वयंपाकघराच्या रिकाम्या कोपऱ्याकडे धरायचा, मग तिच्या तोंडात. वाट्यामागून वाट्या संपत होत्या. सुनेत्रा शेजारपाजारी सांगत सुटली.

पण आईच्या कडेला वजन कळतं, त्याला काटा लागत नाही. पोर दिवसेंदिवस हलकी होत होती. एवढा भात जात होता कुठे? गालाची हाडं वर आली. जिना चढताना वीणा मध्येच बसायला लागली. सुनेत्राने तिसरा घास बंद करून पाहिला, तर वीणाने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं आणि कोपऱ्याकडे बघून मुसमुसत राहिली. "ही'ज हंग्री, आई... ही'ज सो हंग्री..."

दवाखान्यात काट्यावर उभं केलं. डॉक्टरीणबाई आता हसल्या नाहीत. सोमवारी सकाळी भरती करा म्हणाल्या.

आदल्या रविवारी काकांनीच फोन करून बोलावलं. नवा वाटाड्या फोनवर येणार होता, दोघांनी मिळून सगळं ठरवायचं होतं. चारुदत्त नको म्हणत होता, पण सुनेत्रा म्हणाली, जाऊ या. तळघरात पाऊल टाकलं आणि तिने सगळ्यात आधी भिंतीकडे पाहिलं.

कानामागचं टक्कल भरून आलं होतं. आयाळ तेल चोपडल्यासारखी चमकत होती. मान... मान जाड झाली होती. काचेचे डोळे ओले दिसत होते.

"बघितलंस ना?" काका कौतुकाने म्हणाले. "या हीटिंगने माझी कातडी वाळून पापड झाली, पण याची चकाकी बघ."

सुनेत्रा तशी घाबरट. वीज कडाडली तरी देव्हाऱ्यापाशी जाऊन बसणारी. पण घाबरणं वेगळं आणि अडून बसणं वेगळं. पोरीचं अन्न कुणाच्या पोटात जातंय हे एकदा कळल्यावर ती हटणारी नव्हती.

वर फोन वाजला. काका धावले. दुसऱ्या खोलीतला जोडफोन उचलायला चारुदत्तही गेला. सुनेत्रा मागच्या दाराने अंगणात गेली, पाइनची एक कोवळी डहाळी मोडली, बर्फ झटकला आणि खाली आली. वीणाला तिने जिन्याच्या पायरीवर बसवलं. "इथून हलायचं नाही."

खिडकीच्या फटीतून येणारा दिवस मावळत चालला होता. ती खुर्चीवरून टेबलावर चढली, वायोमिंगच्या नकाशावरच पाय देऊन. तेवढ्यात भट्टी बंद पडली. सगळीकडे शांत झालं.

पण एक आवाज राहिलाच. आत... बाहेर... आत... बाहेर... नाकपुड्यांतून सुटणारा. ओल्या केसांचा, रक्ताचा, कुजक्या पानांचा वास तिच्या तोंडावर आला.

"झालं ते झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "माणसं घाईत होती, तुला उपाशी आणलं. चूक त्यांची. हा घे तुझा घास. शेवटचा. यापुढे माझ्या लेकीच्या ताटात तोंड घालायचं नाही."

डहाळी तिने ओठांना टेकवली. डिंकाने चिकटवलेले ओठ. ते मऊ होते आणि गरम होते. माहेरी गाय जशी हातातली पेंढी जिभेने ओढून घ्यायची, तशी डहाळी तिच्या हातातून ओढली गेली. सावकाश. टोकापर्यंत. मग ओठ मिटले.

भट्टी पुन्हा सुरू झाली.

"आई," पायरीवरून आवाज आला. "मला भात."

चिऊ नको, काऊ नको, कुणी नको. वीणा आपल्या हाताने जेवली. सोमवारी काटा जरासा का होईना, वर गेला. डॉक्टरीणबाईंनी भरती कॅन्सल केली. महिनाभरात गालांवर रंग आला. काकांच्या एल्कचे केस मात्र मुठीमुठीने गळायला लागले, आणि काकांनी हळहळत ते मुंडकं गॅरेजमध्ये टाकलं.

सोडतीत चारुदत्तचा नंबर लागला. तो शिकारीला निघताना सुनेत्राने त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "आधी डहाळी, मग सुरी. शपथ घ्या."

"घेतली. तू म्हणशील तर ताटाभोवती रांगोळीही काढतो."

ऑक्टोबर सरता सरता तो परत आला. काकांनी त्याला दारात सोडलं आणि चहालाही थांबले नाहीत. वीणा खेळायला गेल्यावर चारुदत्त स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"मी डहाळी तोडली होती. देवाशपथ. पण..."

"पण काय?"

"त्याचं तोंड आधीच भरलेलं होतं."

"गवत असेल."

"भात." तो घशातल्या घशात म्हणाला. "वरणभात, सुनेत्रा. पिवळा. जवळच्या वस्तीपासून घोड्यावरून दोन दिवसांच्या अंतरावर होतो आम्ही... आणि त्यातून वाफ येत होती."

सुनेत्राच्या हातातला कप तसाच राहिला. गेल्याच आठवड्यात ती तूप आणायला वळली होती. परत येऊन बघते तर वीणाचा रिकामा हात खिडकीकडे पसरलेला. खाल्ला असेल घास, असं तिने तेव्हा धरलं होतं.

माणसाची भीती बर्फासारखी असते, वितळते. जानेवारी येईपर्यंत काकांनी ती बुरशी होती असं ठरवून टाकलं होतं. चारुदत्तलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. या खेपेला काकाच नकाशे घेऊन त्यांच्याकडे आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेन राज्य पसरलं गेलं.

"यंदा मूस," काका म्हणाले. "एल्कहूनही थोरलं, घोड्याएवढं धूड. होडीतून जायचं. चारू, आता तू कच्चा राहिला नाहीस."

टेबलाच्या टोकाशी वीणा वाटी घेऊन बसली होती. गुबगुबीत, दोन वेण्या घातलेली. ती एकाएकी गुणगुणली, "हा घास चिऊचा."

सुनेत्रा भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. वर्षभरात हे शब्द पोरीच्या तोंडून आले नव्हते.

"हा घास काऊचा."

वीणाने तिसरा घास वळला. नीट, गोल. नकाशाकडे पाहिलं, मग बापाकडे. हात पुढे केला.

"हा घास बाबांचा."

"आण, आण," म्हणत चारुदत्तने हसत आऽ केलं.

तिसरा घास, जाणाऱ्याचा. सुनेत्रा ओल्या हातांनी मध्ये आली. तिने वीणाचं मनगट धरलं, वळवलं आणि तो घास स्वतःच्या तोंडात घेतला.

"नकाशा गुंडाळा," तोंडात घास असतानाच ती म्हणाली. "हे यंदा कुठेही जाणार नाहीत. काका, तुम्हीही नाही."

तिचा चेहरा पाहून काकांनी नकाशाच्या कडा उचलल्या. मेन गुंडाळलं गेलं.

मग तिने घास चावला. भात आत्ता गॅसवरून उतरवलेला, तूप तिनेच वाढलेलं. पण जिभेला तो बर्फासारखा गार लागत होता, आणि त्याला ओल्या पाइनचा वास होता.

वीणा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. घास गिळून होईपर्यंत.