तिसरी चूल

डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की तळहातावर, सांग बरं, पोरा? मी लोकरीचा व्यापारी. कापड हाताने पारखतो. एकदा मखमल म्हणून मांजरावरही हात फिरवलाय! पण त्या वर्षी इंग्लंडातल्या विल्टशरमधल्या आमच्या गावाने मला शिपाईपद दिलं, आणि चूलपट्टीच्या, म्हणजे दर चुलीमागच्या सरकारी कराच्या, मोजणीला वसुलीवाल्या क्रिपसोबत हिंडणं आलं.

दुपारी धुक्यात थॉमसिनबाईकडे पोचलो. नवरा वॉल्टर गवंडी. डाव्या हाताला चारच बोटं. मरण्याआधी त्याने तिसरी चूल विटांनी बुजवली होती. दोन चुलींपर्यंत गरिबाला माफी; तिसरी पेटती निघाली की माफी गेली, आणि पट्टीपोटी हिचा एकुलता बिछाना जप्त. त्याच बिछान्यावर तिची खोकणारी पोर ॲनिस, बुजवलेल्या चुलीला पाठ लावून झोपलेली.

"दोनच ना, बाई?" क्रिपने विचारलं.

"मोजा की साहेब. तुम्हाला धुराडी दिसतात, आमचं रिकामं पातेलं दिसत नाही!"

क्रिपने हातमोजा काढून विटांना हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"गरम आहे... गिल्बर्ट, फोड."

मी चार विटा काढल्या. आत राख नाही, ठिणगी नाही. जुनी काजळी, तिच्यावर अखंड कोळिष्टक. पण ऊब अशी, की माझा ओला कोट वाफाळला. सफरचंदाच्या लाकडाचा वास आला... आणि आत, अगदी हळू, कुणीतरी हात चोळल्याचा आवाज.

"बाबा आहेत," ॲनिस म्हणाली. "थंडी पडली की येतात."

क्रिपने वही माझ्यापुढे धरली. "काय लिहायचं?"

"जे आहे ते," मी म्हणालो, आणि लिहिलं : चुली दोन. तिसरी बंद, आग नाही, भिंत गरम. पेटलेली नाही, म्हणजे मोजायची नाही. त्याने सही केली. बिछाना वाचला.

विटा मीच परत बसवल्या, वेड्यावाकड्या. गवंडीकाम माझ्या बापानेही केलं नव्हतं. वसंतात गेलो तर ॲनिस अंगणात कोंबड्यांमागे धावत होती. खोकला गेला होता. घरात जाऊन भिंत पाहिली. माझ्या विटा आता ओळंब्यात सरळ, सांधे गुळगुळीत. ओल्या चुन्यात हाताचा ठसा. डावा. बोटं चार.

ठसा अजून ओलाच होता.

तर पोरा, यंदा मोजणीला तू जाणार; तुझ्याही वहीत जे हाताला लागेल तेच लिही. पटलं नाही तरी खोडू नकोस.