पुढच्या डाव्या चाकाचे नट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये नको. माझ्या बहिणीच्या मुलाची, यानिकची गोष्ट आहे ही. त्या पोराला खोटं बोलता येत नाही. लहानपणी साखर चोरली तरी कान लाल व्हायचे.

गेल्या वर्षीची तीस नोव्हेंबर. आमच्या क्वेबेक प्रांताच्या कायद्यानं दुसऱ्या दिवसापासून हिवाळी टायर नसले की दंड, त्यामुळे आमोस गावापासून पार मातागामीपर्यंत एकही गॅरेज मोकळं नव्हतं. आणि नेमकं त्याच दिवशी यानिकला बायकोला, नोएमीला, तीन दिवसांच्या लेकीसह दूरच्या इस्पितळातून घरी आणायचं होतं. पठ्ठ्यानं स्वस्तात मिळालेली दुसऱ्याच बनावटीची हिवाळी चाकं अंगणातच पिकअपला चढवली. नट मात्र जुनेच, गोल बुडाचे.

शेजारच्या फ्लोरियाँचं सगळं आयुष्य टायरांत गेलेलं. तो कुंपणावरून ओरडला, "अरे शहाण्या, या चाकांची भोकं निमुळती आहेत! निमुळत्या बुडाचेच नट लागतात. हे बसल्यासारखे दिसतील आणि वाटेत सुटतील."

"नट तो नट, काका!"

"उद्या आणून देतो. आज जाऊ नकोस."

"उद्या? नोएमी माझं डोकं फोडेल."

"मग निदान शंभर किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळ. ऐकतोयस ना?"

"हो हो."

जाताना काही झालं नाही. परतीला साडेपाच वाजले, म्हणजे आमच्याकडे मिट्ट काळोख. बाहेर उणे बावीस. मागच्या सीटवर नोएमी बाळाशेजारी पेंगत होती. शंभर किलोमीटर केव्हाच उलटले होते, पण हीटर सोडून खाली उतरायचं यानिकच्या जिवावर आलं.

मग स्टिअरिंग थरथरू लागलं. बर्फामुळे असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. समोरून लाकडाचे ट्रक येत होते, एकामागून एक.

वळणावर एक माणूस. रस्त्याच्या मधोमध. हात वर.

यानिकनं ब्रेक दाबला.

त्या माणसाच्या अंगात नुसता सदरा. हातात पाना.

यानिकनं काच खाली केली. "काय झालं हो?"

माणूस पुढच्या डाव्या चाकाशी बसला. पाना फिरल्याचा आवाज. एक... दोन...

"अहो, राहू द्या, मी बघतो..."

तीन... चार... यानिकच्या तोंडातून वाफ निघत होती. त्या माणसाच्या तोंडातून नाही.

दार उघडायला हात नेला. हात उचलेना. पोरगं घाबरलं होतं, दुसरं काय.

पाच...

सहा...

"कोणाशी बोलतोयस रे?" मागून नोएमी. "काच लाव ना, बाळाला गारठा लागतोय."

समोर रस्ता मोकळा.

तिथून घरापर्यंत तासभर स्टिअरिंग पुन्हा थरथरलं नाही. यानिकनं दारातच बॅटरीच्या उजेडात चाकं पाहिली. तीन चाकांचे नट बोटांनी फिरत होते. पुढच्या डाव्याचे मात्र घट्ट, सहाच्या सहा. गंजलेले. यानिकनं लावलेले नव्हतेच.

तेवढ्यात आतून नोएमीची हाक आली. नुसती हाक नाही...

धावला. तिनं टेबलावर बाळाची गोधडी सोडली होती. लेक गाढ झोपलेली. तिच्या पोटाशी सहा नट, गोल बुडाचे.

नोएमीनं एक उचलायला बोट लावलं आणि ओढून घेतलं. तासभर बाळाच्या उबेत होते ते... तरी बोटाला चटका बसावा इतके गार.