दाता क्रमांक चार

मिरजेच्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळेतल्या पडद्यावर अकरा रुग्णांच्या साखरेच्या अकरा रेषा होत्या आणि अकराही एकाच वारी वाकड्या चालल्या होत्या. डॉ. हेमांगी खाडिलकरांनी पाचव्यांदा तारखा ताडून पाहिल्या.

"सगळे सोमवार. पाचही आठवडे," डॉ. इरफान मुजावर म्हणाले. "ताई, यंत्र बिघडलं असतं तर इतकं शिस्तीत बिघडलं नसतं."

काचेपलीकडच्या खाटेवर भास्कर तुपे सलाईन लावून बसले होते. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. काल, सोमवारी, दिवस मावळताना अंगणातल्या झाडांना पाणी घालता घालता कोसळले. रक्तातली साखर पार तळाला गेलेली. शेजाऱ्यांना दहा मिनिटं उशिरा दिसते, तर आज खाट रिकामी असती.

तुपेंच्या पोटात एक स्वादुबीज पेरलेलं होतं: निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातल्या चिमूटभर पेशी काढून काचपात्रात वाढवलेलं रोप. अकरा मधुमेही रुग्णांना ते गेल्या मार्गशीर्षात बसवलं, आणि बीज रुजलं म्हणून पाच आठवड्यांपूर्वी सगळ्यांची इंजेक्शनं थांबवली.

"इन्सुलिनचा पंप हुकूम पाळतो, पेशी सवय पाळते," इरफान म्हणाले. "जेवणाची वेळ झाली की साखर वाढायच्या आधीच ती तयारीला लागते. म्हणून तर आपण जिवंत पेशी घेतल्या. पण ह्यांना सोमवारी दिवसभर जेवणाची अपेक्षाच नाही. ढिम्म बसून राहतात. आणि सूर्य बुडाला की पंगतीला बसल्यासारखं इन्सुलिन सोडतात. समोर ताट नसलं, की माणूस आडवा."

"पेशींना वार कसा कळेल?" हेमांगीबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज मुळातच हळू. आता तर ओठांतच राहिला.

"नाहीच कळत. सूर्य दिवस शिकवतो. आठवडा मात्र निसर्गात कुठं नाही, तो माणसानं केला. म्हणजे ह्यांना सात मोजायला कुणीतरी शिकवलंय. वर्षानुवर्षं, एकही खाडा न करता. रोजा म्हणावा तर तो सलग महिनाभर असतो. हे तुमच्याकडचं काम आहे. अकराही बीजं दाता क्रमांक चारची. आणि अर्जात काय लिहिलंय बघा. 'खाण्यापिण्याचे विशेष नियम: नाहीत.' चक्क खोटं."

खोटं नव्हतं ते. निदान लिहिताना तसं वाटलं नव्हतं. बावीस वर्षं सोमवारी दिवेलागणीपर्यंत हेमांगीबाईंनी अन्नाला हात लावला नव्हता. पण व्रत म्हणजे काही आहाराचा नियम नव्हे. ते देवाशी बोलणं. ते कागदावर मिरवलं की केलेलं सगळं पाण्यात. कुणी विचारू नये म्हणून सोमवारीसुद्धा त्या भरलेला डबा आणत आणि वाटून टाकत.

"चार नंबर मी आहे," त्या म्हणाल्या.

इरफाननी अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुमचा सोमवारचा डबा मी बारा वर्षं खातोय, ताई."

दोघं तुपेंच्या खाटेपाशी आले. बीज काढता येणार नव्हतं. ते रक्तवाहिन्यांत विणलं गेलं होतं. इरफाननी समजावलं, की या पेशी देणाऱ्या बाई सोमवार करतात, तेव्हा तुपेंनीही करायचा. दिवसभर निरंकार, सूर्यास्ताला जेवण.

"आमची मंडळी तीस वर्षं मागं लागलीया, सोमवार धरा म्हणून," तुपे म्हणाले. "तिचं नाही ऐकलं, आता पोटातलीचं ऐकतो. पण साहेब, त्या बाईला एकदा नीट इचारून घ्या. अशा बाया एकावर थांबत नाहीत. आणखी काय काय धरलंय तिनं?"

इरफान हसले. हेमांगीबाईंनी खाटेचा गज धरला.

"चातुर्मास," त्या म्हणाल्या. "एकभुक्त. चार महिने दिवसातून एकदाच, दुपारी जेवते."

इरफानचं हसू मावळलं. "बीजं कार्तिकी झाल्यावर काढली आपण. म्हणजे चातुर्मास ह्यांच्या वाट्याला अजून आलाच नाही." ते थांबले. "आठवडा अवघड होता, ताई. ऋतू तर शिकवावाही लागत नाही. दिवस कधी लांबतो, कधी आखडायला लागतो, ते मेंढीच्या पेशींना कळतं, खारीच्यांना कळतं. आषाढी कधी आहे?"

"शुक्रवारी."

आज मंगळवार. बाकीचे दहा जण दहा गावांत आपापल्या घरी होते. सकाळी नाश्ता, रात्री जेवण, आणि इंजेक्शन सुटलं म्हणून खुशीत.

"मी यंदा सोडला तर?" हेमांगीबाईंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं.

"तुम्ही सोडून काय उपयोग? त्या पेशी आता तुमच्या कुठं राहिल्यात? त्या धरणारच."

तुपे एकदा इरफानकडे, एकदा बाईंकडे बघत होते. सलाईनचा हात त्यांनी उगाच पोटावर ठेवला.

"म्हणजे ती तुम्हीच व्हय, मॅडम?"

हेमांगीबाईंनी मान डोलावली.

"मग तेवढं सांगून ठेवा," तुपे म्हणाले. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. "दुपारी किती वाजता जेवता तुम्ही?"