हिरव्या स्कार्फची बाई

“मागे बघू नकोस,” टिटवी म्हणाली, आणि वकील हमखास मागे बघणार हे ठाऊक असल्यामुळे तिनं आधीच त्याच्या पायावर पाय ठेवला. “हिरवा स्कार्फ. तिसऱ्या खांबाआड. काल संसदेसमोर होती, तीच बाई.”

“पुरावा काय?” वकिलानं विचारलं.

हा प्रश्न तो झोपेतही विचारत असे, म्हणून तर त्याला ते नाव पडलं होतं. तो टिटवीच्या आत्याचा मुलगा, वय तेरा. टिटवी बाराची, आणि तिचं नाव तिला का पडलं हे तिच्याशी पाच मिनिटं बोललेल्या कुणालाही सांगावं लागत नसे. तिसरी भिंगरी, वकिलाची सहा वर्षांची बहीण. ती आत्ता राजवाड्याच्या अंगणातल्या कारंज्याभोवती गरागरा फिरत होती. आत्या या तिघांना घेऊन सुट्टीतल्या दोन दिवसांच्या सहलीला आली होती. पहिला दिवस राजधानीचा, दुसरा नदीकाठच्या दोन जुन्या गावांचा. आत्याचा एक डोळा मुलांवर असे आणि दुसरा दुकानांवर, आणि पहिला डोळा लवकर दमत असे.

पुरावा होता. काल ती बाई संसदेसमोर दिसली, मग संग्रहालयाच्या पायऱ्यांवर. आज राजधानीपासून दीड तासावरच्या या गावात ती पुन्हा हजर होती, आणि राजवाड्याबाहेर तिची स्कूटर उभी होती. राजवाड्याकडे तर ती बघतही नव्हती. बघत होती ती गटाच्या मार्गदर्शकाकडे.

मार्गदर्शकाला सगळे छत्रीवाले आजोबा म्हणत. गर्दीत आपली माणसं चुकू नयेत म्हणून ते मिटलेली काळी छत्री उंच धरून पुढे चालत. आवाज असा की दगडाची गोष्ट सांगितली तरी ऐकत राहावं. भिंगरी पहिल्या तासातच त्यांचं शेपूट होऊन गेली होती. टिटवीला मात्र काहीतरी खटकत होतं. प्रत्येक ठिकाणी शिरण्याआधी आजोबा पाठ फिरवून खिशातून चिठ्ठी काढत, वाचत आणि परत ठेवत. संग्रहालयात त्यांनी एकाच तलवारीची गोष्ट दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदाही अगदी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. राजधानीच्या चौकात “हा मासळीबाजार” म्हणून त्यांनी छत्री रोखली, तर समोर तीन मजली वाहनतळ. लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. आजोबा हसले नव्हते, हे एकट्या टिटवीनं पाहिलं.

राजवाड्यातून निघताना एक चिठ्ठी आजोबांच्या खिशातून खाली पडली. वकिलानं बुटाची नाडी बांधायचं सोंग करून ती उचलली. ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : “राजवाडा. आत शिरल्यावर डावीकडे लाल दार. बाहेर आल्यावर पूल. बस निळी. माणसं चौदा.”

“आपण चौदाच आहोत,” वकील हळूच म्हणाला. या वेळी त्यानं पुरावा मागितला नाही.

टिटवीनं सुतावरून स्वर्ग गाठला. हा माणूस मार्गदर्शक नाहीच. ज्याला स्वतःच्या बसचा रंग लिहून ठेवावा लागतो, तो कसला मार्गदर्शक? ही टोळी आहे, बाई त्यांची टेहळणी करणारी, आणि आज काहीतरी घडणार. जेवणाच्या सुट्टीत ती तडक सहलीच्या मॅनेजरकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं : चिठ्ठ्या, तलवार, मासळीबाजार. मॅनेजरनं जेवता जेवताच चिठ्ठी घेऊन शर्टाच्या खिशात टाकली, बघतो म्हणाला आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. टिटवीला मात्र आपण फार मोठी कामगिरी केली असं वाटलं. पुढे कित्येक दिवस ते वाटणं आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटत असे.

दुसऱ्या गावाकडे जाताना आजोबा भिंगरीशेजारी बसले होते. टिटवी मागच्या बाकावरून कान देऊन ऐकत होती. टोळीची काही खूण सापडते का, एवढंच तिला हवं होतं. आजोबा नावेबद्दल सांगत होते. गावात पूल नव्हता तेव्हा लोक नावेनं पलीकडे जात, आणि नावाडी लहान मुलांना घटकाभर वल्हं धरू देई. भिंगरीला लगेच वल्हं धरायचं होतं. “नेतो की,” आजोबा म्हणाले. “चारची नाव असते.” यात टोळीचं काही नव्हतं, म्हणून टिटवीनं ते कानामागे टाकलं.

दुसरं गाव टेकडी आणि नदी यांच्यामध्ये चिंचोळं वसलेलं होतं. वेशीचा दरवाजा आणि जुनं न्यायालय बघून झाल्यावर मॅनेजरनं सगळ्यांना अर्धा तास मोकळं सोडलं. माणसं मोजली नाहीत. आत्या गालिच्यांच्या दुकानात शिरली. टिटवी आणि वकील हिरव्या स्कार्फच्या मागावर निघाले, पण गल्लीबोळांत ती बाई दोनदा हातून निसटली. पाऊण तासानं ते चौकात परतले, तर आत्या एकटीच उभी होती.

“भिंगरी कुठाय?” आत्यानं विचारलं.

“तुझ्याबरोबर होती ना?”

आत्याच्या हातातली पिशवी खाली पडली. तिला वाटत होतं भिंगरी मोठ्या मुलांबरोबर आहे, आणि मोठ्या मुलांना वाटत होतं ती आत्याबरोबर आहे. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की छत्रीवाले आजोबाही कुठे दिसत नाहीत. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. तो आधी बसकडे धावला, मग पोलिस चौकी शोधत भलत्याच दिशेला गेला. आत्या भिंगरीच्या नावानं हाका मारत दुकानं पालथी घालू लागली.

तेवढ्यात समोरच्या गल्लीतून ती बाई धावत आली. स्कार्फ खांद्यावरून लोंबत होता, चेहरा घामानं भिजला होता. टिटवीनं दोन्ही हात पसरून तिची वाट अडवली.

“माझी बहीण कुठाय? बोला, नाहीतर मी ओरडेन.”

बाई थांबली. धापा टाकत तिनं टिटवीकडे पाहिलं. “तुझी बहीण त्यांच्याबरोबर आहे?” आणि मग ती मटकन पायरीवर बसली. “ते माझे वडील आहेत गं.”

तिनं भराभर सांगितलं ते असं. आजोबांनी चाळीस वर्षं याच वाटांवर माणसं फिरवली. गेल्या वर्षापासून त्यांना विसर पडू लागला, आधी नावांचा, मग रस्त्यांचा. घरी बसवलं की ते दारापाशी बूट घालून उभे राहत, गट खोळंबलाय म्हणत. ती टपालकचेरीत कामाला होती. वडील गटाबरोबर निघाले की ती रजा टाकून त्यांच्या मागोमाग जाई, त्यांच्या नजरेस न पडता, कारण लेक पाळतीवर असते हे कळलं असतं तर त्यांना ते सहन झालं नसतं. चिठ्ठ्या तीच लिहून देई. आज वाटेत स्कूटर बंद पडली, पोचायला उशीर झाला, आणि तेवढ्यात ते नजरेआड झाले. मॅनेजरला तिनं दोनदा फोन केला होता. वडिलांबरोबर दुसरं कुणी द्या, अशी विनवणी केली होती. माणसं कमी आहेत, एवढा हंगाम निघू द्या, असं उत्तर मिळालं.

“नेहमीच्या सगळ्या जागा बघितल्या,” ती म्हणाली. “ते आज कुठल्या वर्षात आहेत हे कळलं, तर सापडतील. मला तेच कळत नाही.”

टिटवीला बसमधलं बोलणं आठवलं. चारची नाव. “इथं पूल कधी झाला?” तिनं विचारलं.

“माझ्या जन्माच्या आधी.”

“मग ते त्याच्याही आधीच्या वर्षात आहेत. तिला नावेत बसवायला घेऊन गेलेत.”

नाव कुठून सुटायची हे त्यांच्या लेकीला ठाऊक नव्हतं. दुकानदारांनाही नव्हतं. वकील जुन्या न्यायालयाकडे पळाला. तिकीटखिडकीमागे गावाचा जुना नकाशा टांगलेला त्यानं मघाशी पाहिला होता. धावतच परत येऊन त्यानं नकाशात काय दिसलं ते सांगितलं. नदीवरून जाणारी तुटक रेघ होती, आणि ती सुरू होत होती चुन्याच्या भट्टीखालून.

भट्टी गावाच्या टोकाला होती, कधीची बंद. तिघंही जीव घेऊन धावले. वाटेत एक पाटी होती : वरच्या धरणातून दुपारी चारला पाणी सोडतात, भोंगा वाजल्यावर नदीपात्रात थांबू नये. ती त्यांनी धावता धावताच वाचली, आणि त्याच क्षणी दूरवर भोंगा वाजला.

भट्टीमागून शेवाळलेल्या दगडी पायऱ्या नदीत उतरत होत्या. अगदी खाली, गुडघाभर पाण्यात आजोबा उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भिंगरीचा हात. भिंगरीच्या कमरेपर्यंत पाणी आलं होतं. आजोबा पलीकडच्या काठाकडे बघून नावाड्याला हाका मारत होते. पलीकडे फक्त झुडपं होती.

“बाबा!” लेक ओरडली.

आजोबांनी वळून पाहिलं. त्यांनी तिला ओळखलं नाही. कुणी अनोळखी बाई किंचाळत अंगावर येतेय असं वाटून ते बिचकले आणि आणखी एक पायरी खाली सरकले. भिंगरी रडायला लागली. पाणी तिच्या छातीला लागलं. लेक जागच्या जागी थिजली. पुढे जावं तर ते आणखी मागे जाणार.

टिटवीला नंतर पुष्कळांनी विचारलं की तुला हे सुचलं कसं. तिलाही ते सांगता आलं नाही. तिला एवढंच दिसलं, की सगळं विसरलेल्या या माणसानं छत्री मात्र उंच धरलेली आहे. तिनं स्वतःचा आवाज आवरला आणि सहलीतल्या एखाद्या पाहुणीसारखं वरूनच विचारलं, “आजोबा, गट वर थांबलाय. चुन्याच्या भट्टीची माहिती आपण कधी सांगणार?”

आजोबांचा चेहरा बदलला. “अरेच्चा,” ते म्हणाले, “आलोच. क्षमा करा, आपल्याला थांबावं लागलं.” त्यांनी भिंगरीला उचलून कडेवर घेतलं, छत्री नीट धरली आणि एकेक पायरी चढत वर आले. वकिलानं भिंगरीला त्यांच्याकडून अक्षरशः ओढून घेतलं. खाली त्यांनी सोडलेली पायरी पाण्यात दिसेनाशी झाली होती.

आजोबांना त्याचा पत्ताच नव्हता. ते भट्टीसमोर उभे राहिले, चिठ्ठी न काढता, आणि सांगू लागले. डोंगरातून चुनखडी कशी यायची, भट्टी सात दिवस कशी धगधगत ठेवायची, राजधानीतल्या संसदेच्या भिंतींना लागलेला चुना याच काठावरून नावांनी कसा गेला. एक शब्द अडला नाही. ओले बूट, ओली पँट, आणि समोर चार माणसांचा गट. सांगून झाल्यावर त्यांनी रडणाऱ्या लेकीकडे पाहिलं आणि आदरानं विचारलं, “आपण कुठून आलात?”

“जवळूनच,” ती म्हणाली.

चौकात आत्यानं भिंगरीला छातीशी धरलं ते सोडेचना. मग तिनं मॅनेजरला फैलावर घेतलं, कारण वकिलानं दोन्ही फोनांची हकिगत मुद्देसूद मांडली होती, आणि या वेळी पुरावा समोरच उभा होता. दुकानात रमले ती चूक माझी, असंही ती सगळ्यांसमोर म्हणाली. मॅनेजरनं मान खाली घातली. पण थोड्या वेळानं त्यानं खिशातून ती चिठ्ठी काढली आणि आजोबांना यापुढे काम देता येणार नाही असं सांगितलं. हिनं दुपारीच सावध केलं होतं, असं म्हणून त्यानं टिटवीची पाठ थोपटली.

“माझं चुकलं होतं,” टिटवी म्हणाली. “ते चोर नाहीत. ती चिठ्ठी मला परत द्या.” तिचं कुणी ऐकलं नाही. सगळे तिचं कौतुक करत होते.

आजोबांच्या छातीवरचा मार्गदर्शकाचा बिल्ला त्यांच्या लेकीनंच काढला. टिटवी तिच्यापाशी जाऊन रडू लागली. बाईनं तिचे डोळे पुसले. “तू काही हिरावलं नाहीस गं,” ती म्हणाली. “हे मी दोन महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं. माझा हात होत नव्हता. आज तुझी बहीण गेली असती.”

ते खरं होतं, पण त्यानं टिटवीचं दुःख कणभरही हलकं झालं नाही.

बस निघायची वेळ झाली. सहल संपली की प्रत्येकाचा निरोप घ्यायचा हा आजोबांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. ते दारापाशी उभे राहिले आणि चढणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवू लागले. काहींनी नजर टाळली. टिटवीची पाळी आली तेव्हा त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

“पहिल्यांदाच आलीस ना बाळ?”

“हो, आजोबा.”

“आवडलं का?”

“खूप.”

“मग पुन्हा ये. मी इथंच असतो.”

बस पुलावर चढली तेव्हा मॅनेजरनं मुलांच्या शौर्याबद्दल दोन शब्द सांगितले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिंगरी आत्याच्या मांडीवर झोपली होती. वकील खिडकीबाहेर बघत होता. आत्यानं घरी फोन लावला. “दादा, तुझ्या लेकीनं आज माझं पोर वाचवलं,” असं सांगून तिनं फोन टिटवीच्या कानाला लावला.

“शाब्बास, बेटा,” बाबा म्हणत होते. “आम्हाला किती अभिमान वाटतोय तुझा. सांग ना, काय काय झालं?”

टिटवीनं तोंड उघडलं. एवढी बोलकी पोर, पण तिला फक्त “हो, बाबा” एवढंच म्हणता आलं.