पेडलवरचा पाय

विश्वास बसला तर वाचा, नाहीतर इथेच थांबा. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या घरी घडलंय, आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही.

भुताटकी रात्रीच होते, असं मलाही वाटायचं.

ही भर दुपारी झाली. झाशीत, सिव्हिल लाइन्समध्ये, यंदाच्या मे महिन्यात. बाहेर लू, तिकडचा अंग भाजणारा वारा, वाहत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

दिवाकरमामा रेल्वेत फिटर होता. निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणातली पत्र्याची शेड आणि तिथली जुनी लाल गाडी, एवढंच त्याचं जग. आणि कमलमामी.

गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने खाली झोपून चाकामागचा छोटा नट सैल करायचा, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं. खालचा म्हणणार, "दाब." मग तो "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. मध्येच उचलला की हवा पुन्हा आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

आत नेहमी मामी बसायची. नवऱ्याला ओरडून उत्तर देणं तिच्या जुन्या वळणात बसत नव्हतं. ती बांगडी स्टिअरिंगवर वाजवायची. दोनदा म्हणजे दाबलं. एकदा म्हणजे सोडलं.

एकदा मामाला कोणीतरी गेटवर हाक मारली आणि तो गप्पांत रमला. परत येऊन बघतो तर मामी घामाने निथळतेय, पाय तसाच पेडलवर. म्हणाली, तुम्ही सोड म्हणालातच नाही. ह्यावरून आम्ही तिला वर्षानुवर्षं चिडवलं.

गेल्या हिवाळ्यात मामी गेली.

दवाखान्यात तिने मामाचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्याला खाली औषध आणायला जायचं होतं. तो म्हणाला, "सोड, आत्ता येतो."

तिने सोडला.

तो परत आला तेव्हा ती नव्हती.

त्यांची एकुलती एक लेक शमिका. बावीस वर्षांची, तोंडाने फटकळ. बाहेर हिंदी, घरात हिंदी. फक्त आईशी मराठी, तीही मोडकी. त्या दिवसानंतर ती बापाशी बोलेनाशी झाली. आईला एकटं टाकून का गेलात, एवढंच एकदा विचारलं होतं.

मग एक दिवस ती आपणहून शेडमध्ये आली. झाशीजवळ, बबीना गावाच्या बाजूला एका मैदानात हौशी लोकांची शर्यत होती. मैदानात खांब मांडतात आणि एकेकाने त्यांच्यामधून गाडी पळवायची. आपली लाल गाडी तयार होईल का, तिने विचारलं.

मामा लगेच हो म्हणाला. तिने विहिरीत उतरायला सांगितलं असतं तरी हो म्हणाला असता.

दोघांनी मिळून इंजिन उघडलं, गंज घासला, नवे पाइप टाकले. शमिका पुन्हा बोलायला लागली. पण ब्रेक काही लागेना. कितीही हवा काढली तरी पेडल भसकन खाली जायचं. काम करताना दर वेळी "सोड" म्हणावं लागायचं, आणि दर वेळी मामा ते अडखळतच म्हणायचा.

शर्यत उद्यावर आली. गाडी तयार झाली नाही, तर लेक पुन्हा गप्प होणार. ब्रेक कच्चे राहिले, तर लेकच जाणार. मामा रडकुंडीला आला होता.

त्या दुपारी गाडी लोखंडी घोडीवर, म्हणजे टेकूंवर, चढवलेली होती. मामा खाली उताणा. दाराशी कूलर घरघरत होता. आत शमिका.

"दाब."

टक टक...

आईकडून शिकली, असं मामाला वाटलं. बरंच वाटलं त्याला.

"सोड."

टक.

नटातून ब्रेकचं तेल येत राहिलं. आधी फेसाळ, मग स्वच्छ. एक चाक झालं, दुसरं झालं, चारही झाली. इतक्या दिवसांत जे जमलं नव्हतं ते त्या दुपारी जमलं. शेवटची परीक्षा म्हणून मामा म्हणाला, "दाब, आणि धरून ठेव."

टक टक...

त्याने एकेक चाक हलवून पाहिलं. दगडासारखं घट्ट. आनंदाने तो "सोड" म्हणणार, तेवढ्यात गेट वाजलं.

गाडीखालून त्याला दोन पाय येताना दिसले.

निळ्या चपला. शमिकाच्या.

"बाबा, पट्टा सिलवा लाई," ती म्हणाली. हेल्मेटचा पट्टा शिवायला ती बडा बाजारात गेली होती. जाते म्हणून तिने सांगितलं होतं, कूलरच्या आवाजात मामाला ऐकूच गेलं नव्हतं.

मग आत...

शमिका बांगड्या घालत नाही. हे मामाला तेव्हा आठवलं.

तो धडपडत बाहेर आला. सीट रिकामी. दारं बंद.

आणि पेडल खाली दबलेलं...

तसंच.

शमिकाने हाताने ओढून पाहिलं. हलेना. चाकं जाम. ती म्हणाली, नट खोलू. मामाने नकारार्थी मान हलवली. नट खोलला असता तर दाब गेला असता, पण पाय तर तिथेच राहिला असता.

पाय का उचलला जात नाही, हे त्याला कळलं होतं. त्याने "सोड" म्हटलंच नव्हतं. आणि आता ते त्याच्याने म्हणवेना. एकदा म्हटलं होतं, त्याचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.

शेवटी लेकीच्या तोंडाकडे पाहून म्हणाला.

"कमल... सोड."

टक टक...

या वेळी शमिकानेही ऐकलं. तिचं तोंड पांढरं पडलं. मग ती दार उघडून आत बसली आणि आपला पाय त्या पेडलवर ठेवला. मेच्या उन्हात पेडल बर्फासारखं गार होतं, असं ती सांगते.

"आई," ती मराठीत म्हणाली, "आता मी धरते."

किती वेळ काहीच झालं नाही...

टक.

पेडल तिच्या पायाखाली हळूच वर आलं.

दुसऱ्या दिवशी ती शर्यतीत उतरली. नंबर आला नाही, पण धड परत आली. रात्री जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, आख़िरी मोड़ पे मैंने ब्रेक दबाया ही नहीं था. पहले ही लग गया."

तेव्हापासून ती गाडी बाहेर काढणार असली की मामा आधी रिकाम्या गाडीखाली झोपतो. "दाब" म्हणतो आणि वाट बघतो. टक टक आलं की मगच किल्ली देतो. शमिका हसते, पण थांबते.

काल मामाचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. ह्या रविवारी पुन्हा शर्यत आहे, म्हणून त्याने गाडीखाली जाऊन विचारलं होतं.

"दाब म्हणालो," मामा म्हणाला. "एकदाच वाजलं गं."

एकदाच. म्हणजे सोडलं.

त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. हाका मारल्या. मग काहीच नाही. मी विचारलं, ब्रेक तपासलेस का? म्हणाला, चारदा तपासले, उत्तम आहेत. शमिका म्हणते, आई सुटली, रडता कशाला? ती जाणारच आहे. किल्ली तिने काढून घेतलीय.

मामी खरंच सुटली असेल. तसंच असावं, असं मी स्वतःला सांगतेय.

आज शुक्रवार. मी संध्याकाळच्या गाडीने झाशीला निघालेय. ब्रेक एकदा शेवटचे बघायचेत, पेडल दाबायला माणूस हवंय, असं मामा म्हणालाय.

खरं सांगू? त्या सीटवर बसायची मला भीती वाटतेय.